आंकड्यांतील स्वल्पविराम व दशांशचिन्ह

शेतकऱ्याची जमीन, माल व देणेंघेणें हीं सारीं अखेर आंकड्यांत उतरतात. अंक बरोबर लिहिले, तरी त्यांमधील टिंब किंवा स्वल्पविराम काय सांगतो हें न समजल्यास हिशेब चुकतो. म्हणून या दोन लहान चिन्हांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्वल्पविराम हा केवळ वाचनाच्या सोयीसाठीं असतो. त्यानें संख्येची किंमत बदलत नाहीं. आपल्या रीतींत उजवीकडून प्रथम तीन अंक व पुढें दोन दोन अंक सोडून तो देतात. १२,५०,००० म्हणजे साडेबारा लाख. इंग्रजी रीतींत सर्वत्र तीन तीन अंकांचे गट पाडून हीच संख्या १,२५०,००० अशी लिहितात.

दशांशचिन्हाचें तसें नाहीं. तें पूर्णांकास अपूर्णांकापासून वेगळें करतें. त्याच्या उजवीकडील पहिला अंक दहावे भाग व दुसरा शंभरावे भाग दाखवितो. म्हणून १२.५ क्विंटल म्हणजे बारा क्विंटल पन्नास किलो; परंतु १२.०५ क्विंटल म्हणजे बारा क्विंटल पांच किलो. मध्यें एक शून्य आल्यानें पंचेचाळीस किलोंचें अंतर पडतें. शेवटच्या शून्यानें मात्र कांहीं बिघडत नाहीं, १२.५ व १२.५० हीं एकच.

खरी मेख पुढेंच आहे. प्रत्येक टिंब दशांशाचें नसतें. जुन्या उताऱ्यांत व खरेदीखतांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतें, आणि एकराचे गुंठे चाळीस, शंभर नव्हेत. २ एकर २० गुंठे हें क्षेत्र कोणीं घाईनें २.२० असें उतरून घेतलें व दुसऱ्यानें तें दशांश म्हणून वाचलें, तर तें २ एकर ८ गुंठेच भरतें. बारा गुंठे जमीन कागदावर नाहींशी होते, आणि भाऊबंदांच्या वाटणींत तेवढ्यावरून कलह माजतो. गुंठ्यांस चाळिसांनीं भागून मगच दशांश लिहावा; म्हणजे हें क्षेत्र २.५० एकर होतें.

पैशांचेंही असेंच. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. त्यापूर्वीं रुपयाचे १६ आणे व आण्याच्या १२ पै असत. जुन्या कागदांतील रु. ५-८-० म्हणजे ५.५० रुपये, ५.८० नव्हेत.

सध्यांच्या सातबाऱ्यांत हेक्टर, आर व चौरस मीटर असे तीन भाग असतात. १.०५.५० म्हणजे १ हेक्टर ५ आर ५० चौरस मीटर. येथें १०० आरांचा हेक्टर व १०० चौरस मीटरांचा आर असल्यामुळें तेंच क्षेत्र १.०५५० हेक्टर असें लिहितां येतें. परंतु पांचामागील शून्य गाळल्यास पांच आरांचे पन्नास आर होतात.

परदेशीं द्राक्षें पाठविणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जर्मनी, नेदरलंड्स इत्यादि देशांत दशांशासाठीं स्वल्पविरामच वापरतात. तेथील कागदावर पेटीचें वजन ४,५०० किलो दिसलें, तर तें साडेचार किलो समजावें. साडेचार हजार नव्हे. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें २००३ सालीं दशांशासाठीं टिंब व स्वल्पविराम हीं दोन्ही चिन्हें ग्राह्य मानलीं आहेत, यास्तव कोणाचाही कागद चूक म्हणतां येत नाहीं. आपणच वाचतांना सावध असावें.

सारांश, टिंब दिसलें कीं पूर्णाचे भाग किती, हें आधीं विचारावें. आंकड्यापुढें एकर, गुंठे, आर, किलो असें माप स्पष्ट लिहावें, दस्तांत रक्कम व क्षेत्र अक्षरींही घालावें, आणि तें वाचून पाहिल्यावांचून सही करूं नये.