थकलेल्या भाड्याचा अर्ज कोणत्या कचेरीत?

कल्याणच्या तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला मिळतो, अधिवासाचा मिळतो आणि पावसाळ्यात घरात पाणी शिरले तर पंचनामाही होतो. पण नोकरी गेली, घरात आजारपण आले आणि दोन महिन्यांचे घरभाडे चुकले, तेव्हा मदतीसाठी अर्ज कोठे करावा, या प्रश्नाला तेथे उत्तर नाही. आपत्तीच्या दरपत्रकात पडलेल्या घराला रक्कम आहे, वाहून गेलेल्या कपड्या-भांड्यांनाही आहे. जो स्वतःच्या घरात राहत नाही त्याच्या थकलेल्या भाड्याला मात्र त्या दरपत्रकात रकाना नाही. भाड्याच्या खोल्यांवरच ज्या शहराची निम्मीअधिक धडपड उभी आहे, त्या शहरात ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

तिची खरी ओळख पटली ती २०२० साली. मार्चच्या २२ तारखेला मध्यरात्री लोकलगाड्या थांबल्या. कल्याण-डोंबिवलीला लोकल म्हणजे केवळ वाहन नव्हे; ती या शहराची मिळकत आहे. अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी काही गाड्या १५ जूनपासून धावू लागल्या. सर्वसामान्य प्रवाशाला ठराविक वेळेत का होईना, गाडीत पाय ठेवता आला तो १ फेब्रुवारी २०२१ रोजी. मधल्या दहा महिन्यांत मशीद बंदरच्या पेढीवर हिशेब लिहिणाऱ्याने, दादरच्या दुकानात कापड मोजणाऱ्याने कामावर जावे कसे आणि पगार मागावा कोणत्या तोंडाने? घरभाड्याची तारीख मात्र दर महिन्याला नेमाने येत होती.

सरकार अगदीच गप्प बसले होते असे नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला: भाड्याच्या जागेत राहणाऱ्या कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये, कामगारांना व विद्यार्थ्यांना घराबाहेर काढू नये. १७ एप्रिल रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सुचविले की, भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये. हेतू चांगला होता, आणि त्या दिवसांत अनेकांच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे टिकलेही असेल. परंतु पुढे ढकलणे म्हणजे माफ करणे नव्हे. महिना आठ हजार भाडे असेल तर तीन महिन्यांनी चोवीस हजारांचे ओझे एकदम दारात येते, आणि ते येते नेमके त्या वेळी, जेव्हा माणूस कामावर जेमतेम रुजू झालेला असतो. सरकारने दया दाखविली, पण तिचा खर्च एका नागरिकाच्या खिशातून दुसऱ्या नागरिकावर टाकला. स्वतःच्या तिजोरीतला रुपया त्यात नव्हता.

येथे घरमालकाकडेही पाहिले पाहिजे. ‘घरमालक’ म्हटले की पोट सुटलेला सावकार डोळ्यांपुढे आणण्याची सवय आपल्या नाटक-सिनेमांनी लावली आहे. कल्याणातला घरमालक पुष्कळदा निवृत्त शिक्षक किंवा रेल्वेचा कारकून असतो. फंडाच्या पैशातून घेतलेल्या दुसऱ्या खोलीचे भाडे हेच त्याचे उरलेले वेतन असते. जुन्या चाळीच्या मालकाची स्थिती याहून विचित्र. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जणू गोठविली. ही गोठवणूक कालौघात अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. वीस रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. त्या ऐंशी पैशांत कौलही बदलत नाही.

भाडेकरूला कायद्याचे संरक्षण नाही असे नाही. त्या कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी लेखी नोटीस दिल्यावर नव्वद दिवस उलटल्याखेरीज मालकाला दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी पंधरा टक्के व्याजासह न्यायालयात भरली, तर त्या कारणावरून घर जात नाही. पाणी-वीज तोडण्यासही मनाई आहे. पण हे छत्र जुन्या भाडेकरूचे. आज शहरात नव्याने येणारा शिक्षक वा विद्यार्थी राहतो तो अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. मुदत संपली आणि जागा सोडली नाही, तर त्याला दुप्पट दराने पैसे मोजावे लागतात. केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात, आपत्तीच्या काळात करार संपल्यास आपत्ती सरल्यानंतर आणखी एक महिना त्याच अटींवर राहू द्यावे, अशी तरतूद आहे. मात्र राज्याने स्वीकारल्याखेरीज त्या कायद्याला बळ येत नाही. आणि आले तरी त्याने मुदत मिळते, पैसा नव्हे.

पैसा देण्याचे वचन एका मुख्यमंत्र्यांनी दिले होते. २९ मार्च २०२० रोजीच दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी सांगितले की, गरीब भाडेकरूला भाडे देणे शक्य नसेल तर सरकार ते देईल. पैसे आले नाहीत, तेव्हा काही भाडेकरू आणि एक घरमालक उच्च न्यायालयात गेले. असे वचन वाऱ्यावर सोडता येणार नाही, सहा आठवड्यांत निर्णय घ्या, असे एकसदस्यीय पीठाने २२ जुलै २०२१ रोजी बजावले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली.

अमेरिकेने मात्र पैसा ओतला. डिसेंबर २०२० मध्ये २,५०० कोटी डॉलर आणि मार्च २०२१ मध्ये आणखी २,१५५ कोटी डॉलर केवळ थकलेल्या भाड्यासाठी मंजूर झाले. स्थानिक मध्यम उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांच्या आत मिळकत असलेल्या कुटुंबासाठी भाडेकरू अर्ज करू शके, आणि त्याच्या संमतीने घरमालकही. तेवढ्या श्रीमंत देशातही पहिले कित्येक महिने पैसा कचेऱ्यांतच अडकला, कारण पगारपत्रक आणा, करार आणा, नोटीस आणा, असा धोशा सुरू झाला. शेवटी भाडेकरूचे स्वतःचे लेखी निवेदन पुरावा म्हणून स्वीकारा, असे वरून सांगावे लागले.

आपल्याकडे तर कागदाचा प्रश्न अधिकच बिकट आहे. भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा, त्याची जबाबदारी मालकाची, आणि पैसे घेतल्यावर पावती द्यावी, असे कायदा म्हणतो. कचोऱ्यातल्या किंवा कोळसेवाडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पावती कोण देतो? उपकाराच्या सुरात सांगितलेला तोंडी दर आणि डिपॉझिट, एवढाच तेथला करार. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने रिक्षाचालकांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेही परवानाधारकांना. दुसऱ्याची रिक्षा रोजावर चालविणारा त्यात बसत नव्हता. कागद नसलेल्याच्या वाट्याला मदत येत नाही, हा अनुभव नवा नाही.

टाळेबंदी एकदा आली, पावसाळा मात्र दरवर्षी येतो. महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते, नोटिसा डकवते. २०१५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने ठाकुर्ली आणि ठाण्याच्या नौपाड्यात इमारती कोसळल्या. मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब कोसळून सहा जीव गेले. प्रत्येक वेळी विचारले जाते की, लोक आधीच बाहेर का पडले नाहीत. बाहेर पडून जावे कोठे, हे कोणी विचारीत नाही. मुंबई बेटावरील जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आहे, संक्रमण शिबिरे आहेत. खाडीच्या या बाजूला ते मंडळ नाही. नव्या खोलीचे डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचे भाडे एवढी रक्कम हातात नसते म्हणूनच माणूस तडे गेलेल्या भिंतीखाली झोपतो.

ही रक्कम फार मोठी नाही. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर राज्य पाव टक्का मुद्रांक शुल्क घेते. बारा हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारावर, डिपॉझिटचे गृहीत व्याज सोडल्यास, ते ३३० रुपये होते. भाडेकरू-मालकांच्या व्यवहारातूनच जमणाऱ्या या पैशाचा काही हिस्सा जिल्हाधिकाऱ्यांकडे निधी म्हणून ठेवला, तर त्यातून तीन महिन्यांपर्यंतचे निम्मे भाडे थेट मालकाच्या खात्यात भरता येईल. उरलेले निम्मे भाडेकरूने हप्त्याने फेडावे, आणि रक्कम घेणाऱ्या मालकाने सहा महिने त्याला हलवू नये, अशी अट असावी. लबाड अर्ज येतील, हे उघड आहे. पीकविम्यात येत नाहीत काय? अर्जावर दोन सह्यांच्या जागा असाव्यात, एक भाडेकरूची आणि एक मालकाची. पावती नसल्यास वीजबिलाचा पत्ता, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता किंवा शेजारच्या दोघांचा जबाब चालावा. मालक सही करीत नसेल तर पंधरा दिवसांनी एकट्या भाडेकरूच्या अर्जावर निर्णय व्हावा. इमारतीवर धोक्याची नोटीस लागली असेल, तर हा कोरा अर्ज नोटिशीबरोबरच महापालिकेच्या माणसाने घरोघर द्यावा.