पाण्याच्या मापाने चालणारी शेती

पाणी ज्या पात्रात घालावे त्याचा आकार घेते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु शेतकऱ्याने उलट आपल्या शेतीस पाण्याचा आकार द्यावा, ही गोष्ट फार थोड्या ठिकाणी साधलेली दिसते. ज्या ठिकाणी ती साधली, त्यांत खानदेश व बागलाण या प्रांतांतील फड पद्धतीचे स्थान वरचे आहे. पांझरा, मोसम, आरम इत्यादी तापीच्या खोऱ्यातील नद्यांवर ही वहिवाट तीन-चारशे वर्षे चालत आलेली आहे. अवर्षणाच्या वर्षी पीक कसे वाचवावे, हा प्रश्न आपणांपुढे वारंवार उभा राहत असल्यामुळे तिचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे वाटते.

या पद्धतीचा आरंभ नदीतील बंधाऱ्यापासून होतो. पाणी साठविणे हा त्या बंधाऱ्याचा मुख्य हेतू नव्हे. वाहत्या पाण्याची पातळी थोडी उंचावून ते कालव्यात वळवावे, एवढेच त्याचे काम. कालव्याची लांबी सुमारे २ ते १२ किलोमीटर असते. कालव्यातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून सारंग नावाचे लहान पाट प्रत्येक वावरात जातात, आणि जास्तीचे पाणी सांडमांवाटे बाहेर पडते. पाणी येण्याची वाट जितक्या काळजीने आखली आहे तितक्याच काळजीने ते जाण्याचीही आखली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आजच्या कित्येक बागायती गावांत ही दुसरी वाट कोणी आखीत नाही, व मग जमिनी चोपण होऊ लागल्या म्हणजे दैवास बोल लावला जातो.

भिजणाऱ्या सर्व जमिनीचे तीन किंवा चार भाग पाडलेले असतात. त्यांस फड म्हणावयाचे. एकेक फड १० पासून २०० हेक्टरांपर्यंतही असतो. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, असा दंडक आहे. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यांत हंगामाप्रमाणे गहू, हरभरा इत्यादी पिके असतात, आणि दरवर्षी पिकांची फेरपालट होते. आता यातील खरी मख्खी अशी की, सामान्यतः प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असते. नदीस पाणी भरपूर असले म्हणजे सारे फड भिजतात. पाणी तोकडे असले म्हणजे कोणता फड भिजवावयाचा व कोणता पडीत ठेवावयाचा, हे गाव बसून ठरविते. पडीत राहिलेल्या फडात सर्वांचीच वावरे असल्याने एकट्यादुकट्याचा संसार बुडत नाही. सर्वांचे उत्पन्न थोडे थोडे घटते, इतकेच. दुष्काळाची झळ वाटून घेण्याची याहून सोपी युक्ती आमच्या पाहण्यात नाही.

पाणी देण्याचे काम धनी स्वतः करीत नाही, ते पाटकऱ्याकडे असते. पिकांच्या राखणीस जागले असतात. कालव्यातील गाळ काढण्यास प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या मानाने अंगमेहनत द्यावी लागते. मध्यरात्री बारे फोडण्यावरून जी डोकी फुटतात ती येथे फुटण्याचे कारणच उरत नाही, कारण बाऱ्यास हात लावण्याचा अधिकार धन्यास नाही!

पुढे नीरेच्या कालव्यावर ब्लॉक पद्धत बसविणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे मुंबई सरकारच्या नोकरीत १८८४ साली दाखल झाले, व आरंभीच्या काळात त्यांचे काम खानदेशातही होते. क्षेत्राचे ठराविक तुकडे पाडून त्यांत पिकांची फेरपालट करावयाची, हे तत्त्व दोहोंकडे एकच आहे.

असो. आज या पद्धतीस उतरती कळा लागली आहे. नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, आणि ज्याला त्याला वाटेल तेव्हा पाणी मिळू लागले. वाटण्या व खरेदीविक्री यांमुळे एखाद्याची सारी जमीन एकाच फडात आली, की तो फड पडीत ठेवण्यास तो कसा रुकार देईल? म्हणजे जो पाया होता तोच खचतो.

परंतु तत्त्व मेलेले नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे कै. विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणसांवर ठेवला. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनासही वाटा मिळाला, आणि उसास बंदी झाली. फडात सर्वांच्या जमिनी विखुरलेल्या असल्यामुळे जो न्याय आपोआप होत होता, तो येथे नियमाने करावा लागला. उसाची बंदी कित्येकांस जाचक वाटेल. पण उपसलेले पाणी मोजके असता एकाच्या उसाने दहांची ज्वारी वाळवावी, हे कोणत्या हिशोबात बसते?

ज्या सभासदांच्या गावी सामाईक बंधारा किंवा उपसा योजना आहे, त्यांनी रब्बीच्या पेरणीपूर्वी एकत्र बसून, पाणी किती व क्षेत्र किती, याचा मेळ एकदा घालून पाहावा. सवड असल्यास पांझरेकाठी जेथे फड अद्याप चालू आहे अशा गावी जाऊन पाटकऱ्याबरोबर पाण्याची एक पाळी सबंध हिंडावे. कालव्याच्या तोंडापासून शेवटच्या वावरापर्यंत पाणी कसे पोचते, हे तो चालता चालता दाखवील.