चिकाटी आणि ध्यास : दापुऱ्याच्या डेबूजींचे उदाहरण

दीर्घकालीन यशाचे मूळ बुद्धीत आहे की परिश्रमात, हा प्रश्न जुना आहे. केवळ बुद्धी पुरेशी नसून तिला उत्साहाची आणि कष्टाळूपणाची जोड लागते, असे गाल्टनने 1869 मध्येच प्रतिपादिले होते. 2007 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ व त्यांचे सहकारी यांनी या गुणाचे दोन घटक मानले : प्रयत्नांतील चिकाटी आणि आवडीतील सातत्य. पुढे 2017 मधील एका व्यापक पुनर्विलोकनात या दोहोंपैकी चिकाटीचाच यशाशी अधिक संबंध आढळला. मग ध्यासाचे कार्य कोणते?

या दृष्टीने मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. 1876 मध्ये शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगे महाराज, पितृनिधनानंतर दापुऱ्यास मामाच्या घरी वाढले. गुरे राखणे, नांगरणे, पेरणे या कामांत त्यांनी कसूर केली नाही. तथापि मामांची शेती सावकारी कर्जाच्या फेऱ्यात सापडलीच. निरक्षर कुणब्याच्या घामाला सावकाराच्या कागदापुढे किंमत नव्हती. येथे चिकाटी उणी पडली नव्हती. उणे होते ते अक्षरज्ञान. म्हणून अपयशी मनुष्यास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या परिस्थितीचा विचार करणे अगत्याचे आहे.

1905 मध्ये त्यांनी गृहत्याग केला. तेथून 20 डिसेंबर 1956 रोजी देहावसान होईपर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, त्यांचा हेतू एकच राहिला : दीनदुबळ्यांस अस्वच्छता, अज्ञान, व्यसन व कर्ज यांतून सोडविणे. साधने मात्र पालटत गेली. दिवसा हातातील खराट्याने गाव झाडावे आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तर काढावे, हा त्यांचा क्रम होता. पुढे ऋणमोचन येथे पूर्णेवर घाट झाला, पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, मूर्तिजापूर येथे गोरक्षण व धर्मशाळा यांची सोय झाली, आणि 1952 मध्ये कार्य पुढे चालविण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले.

यावरून ध्यासाचे कार्य स्पष्ट होते. चिकाटी मनुष्यास कामास जुंपून ठेवते. कोणते काम धरावे आणि कोणते साधन सोडावे, हे ध्यास ठरवितो. एकच साधन कवटाळून बसणे हा हट्ट होय. हेतू न सोडता साधन बदलणे ही खरी चिकाटी होय. शिवाय व्यक्तीची चिकाटी तिच्याबरोबरच संपते. संस्थेत रुजलेली तेवढी मागे उरते. ज्याला स्वतःला अक्षर लाभले नाही, त्याचेच नाव आज अमरावतीच्या विद्यापीठास आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे.