हजारो काजवे, एकच ठोका

मे महिना संपत आलेला असतो. वळवाच्या दोन-चार सरी पडून माती ओली झालेली असते. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात काळोख दाटला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे जमू लागतात. आधी एखाददुसरा ठिपका, मग दहा-वीस, मग सगळं झाडच. थोडा वेळ एकटक पाहत राहिलं की काही झाडांवर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. हे ठिपके वाटेल तसे लुकलुकत नाहीत. झाड एकदम उजळतं, एकदम विझतं, पुन्हा उजळतं. भजनात टाळकरी एका ठेक्यात येतात, कारण मृदंग त्यांना ठेका धरून देतो. या झाडावर मृदंग कोण वाजवतं?

हा प्रश्न माणसाला फार पूर्वीपासून पडलेला आहे. एंगलबर्ट केम्फर हा जर्मन वैद्य १६९० मध्ये सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला गेला होता. तिथल्या नदीकाठची झाडं काजव्यांनी एकाच वेळी पेटताना आणि विझताना त्याने पाहिली आणि तसं लिहून ठेवलं. पुढची दोन शतकं प्रवासी अशी वर्णनं करत राहिले आणि युरोप-अमेरिकेतले विद्वान ती झटकत राहिले. १९१७ मध्ये ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकात फिलिप लॉरेंट यांनी लिहिलं की, कीटकांनी असं एका तालात चमकणं निसर्गनियमांच्या विरुद्ध आहे. पाहणाऱ्याच्या पापण्याच फडफडत असणार! १९३५ मध्ये सयाममध्ये काम करणाऱ्या ह्यू स्मिथ या मत्स्यशास्त्रज्ञाने त्याच नियतकालिकात ठामपणे सांगितलं की, चाओ फ्राया नदीकाठी झाडंच्या झाडं तासन् तास, रात्रीमागून रात्री एका लयीत चमकतात. पापण्यांचा खुलासा त्यानंतर टिकणं अवघड होतं.

लयीचं कोडं उलगडण्याआधी या जिवाची आणि त्याच्या दिव्याची ओळख करून घेऊ. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. जगात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात जातो. ही अळी शिकारी असते. गोगलगाय किंवा गांडूळ गाठायचं, चावा घेऊन त्याला लुळं करायचं आणि मग खायचं, असा तिचा क्रम. विशेष म्हणजे अळीसुद्धा चमकते. तो उजेड शत्रूसाठी इशारा असतो, की मला खाऊ नकोस, मी कडू आहे. पंख फुटलेला काजवा मात्र थोड्याच आठवड्यांचा सोबती. बऱ्याच जातींत तो फारसं काही खातही नाही. जोडीदार शोधणं हेच त्याचं उरलेलं काम आणि पोटाखालचा दिवा हे त्याचं साधन.

हा दिवा म्हणजे रसायनांची करामत. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, ल्युसिफरेज नावाचं विकर, ऑक्सिजन आणि आपल्याही प्रत्येक पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू एकत्र आले की पिवळसर हिरवा उजेड पडतो. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात विल्यम मॅकएलरॉय यांनी एटीपीचा हा सहभाग सिद्ध केला. त्यासाठी त्यांना काजव्यांचे ढीग हवे होते. त्यांनी शहरातल्या मुलांना शंभर काजव्यांमागे २५ सेंट देऊ केले आणि मुलांनी डबे भरभरून काजवे आणून दिले. हा उजेड जवळजवळ उष्णताविरहित असतो. क्रियेत भाग घेणाऱ्या दर शंभर रेणूंमागे सुमारे ८८ प्रकाशकण बाहेर पडतात, असं १९६० पासून मानलं जात होतं. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी नव्या उपकरणांनी मोजलं तेव्हा हा आकडा ४१ च्या आसपास भरला. तरीही इतक्या छोट्या शरीरातली ही कामगिरी थक्क करणारी आहे.

मग उघडझाप कशी होते? दिव्याच्या पेशींत ऑक्सिजन येतो, पण कडेला दाटीने बसलेली तंतुकणिका ही सूक्ष्म ऊर्जाकेंद्रं तो वाटेतच वापरून टाकतात. आतल्या रसायनांपर्यंत तो पोहोचत नाही आणि दिवा बंद राहतो. मेंदूकडून इशारा आला की तिथे नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तो या ऊर्जाकेंद्रांना क्षणभर थोपवतो, ऑक्सिजन आत शिरतो आणि लख्ख उजेड पडतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हा उलगडा केला. आपल्या रक्तवाहिन्या सैल करणारा रेणूही हाच नायट्रिक ऑक्साइड.

आता पुन्हा त्या झाडाकडे वळू. १९६५ मध्ये जॉन आणि एलिझाबेथ बक हे जोडपं थायलंडला गेलं. त्यांनी नदीकाठचे काजवे पिशवीत भरून बँकॉकमधल्या हॉटेलच्या खोलीत आणले आणि अंधार करून सोडून दिले. काजवे भिंतींवर, पडद्यांवर बसले. आधी सगळा गोंधळ होता. मग शेजारी बसलेले दोघे एका लयीत आले, नंतर तिघे आणि हळूहळू छोटे छोटे गट. नदी नाही, वारा नाही, झाड नाही, म्हणजे बाहेरून ठेका देणारं काहीच नाही, तरी लय जुळली. तिथे नायक कोणीच नव्हता. प्रत्येक काजवा फक्त शेजाऱ्याकडे पाहत होता. पुढच्या प्रयोगांत तर असं दिसलं की कृत्रिम दिव्याची उघडझाप दाखवून काजव्याची लय पुढेमागे करता येते.

याचं गणित मांडलं गेलं तेव्हा आश्चर्य आणखी वाढलं. असं समजा की प्रत्येक काजव्याच्या आत एक घड्याळ आहे. ते भरत भरत एका पातळीला पोहोचलं की काजवा चमकतो आणि घड्याळ शून्यावर येतं. मध्येच दुसरा कोणी चमकलेला दिसला, तर याचं घड्याळ थोडं पुढे ढकललं जातं. नियम एवढाच. १९९० मध्ये रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञांनी सिद्ध केलं की, सगळी घड्याळं सारखी असतील आणि प्रत्येकाला बाकीचे सगळे दिसत असतील, तर सुरुवात कितीही विस्कळीत असली तरी शेवटी जवळजवळ हमखास सगळे एकदम चमकू लागतात. मुळात ही कल्पना चार्ल्स पेस्किन यांनी १९७५ मध्ये मांडली होती आणि ती काजव्यांसाठी नव्हतीच. ती होती हृदयासाठी. आपल्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात सुमारे दहा हजार पेशींचा एक पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याची सुरुवात तिथून होते आणि त्या पेशींतही कोणी मुकादम नसतो. शेजारी शेजाऱ्याला ढकलतो आणि सगळ्या मिळून एक ठोका देतात. झाडावरची लय आणि झाडाखाली उभ्या माणसाच्या छातीतली लय एकाच गणितात बसते, यापेक्षा मोठा चमत्कार कोणता असेल?

एकत्र चमकण्याचा फायदा काय? अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतातल्या एका जातीवर अँड्र्यू मोइसेफ आणि जोनाथन कोपलँड यांनी कृत्रिम दिव्यांचा प्रयोग केला. दिवे एका लयीत लावले तेव्हा बहुतेक माद्यांनी प्रतिसाद दिला, लय बिघडवली तेव्हा क्वचितच. गर्दीत सगळे नर वेगवेगळे चमकले, तर आपल्या जातीची खूण मादीला ओळखता येत नाही. एकदम चमकून मधे अंधार सोडला, की खूण स्पष्ट होते.

कोडं मात्र संपलेलं नाही. याच जातीतला एक नर तंबूत एकटा ठेवला, तर त्याच्या चमकण्याला ठरावीक अंतर राहत नाही, असं ओरिट पेलेग आणि राफाएल सरफाती यांच्या अभ्यासात दिसलं. संख्या वाढत वीसच्या आसपास गेली की नियमित ठेका आपोआप उमटतो. म्हणजे इथे एकेकट्याजवळ नेमकं घड्याळ नाहीच; लय जन्म घेते ती समुदायात. जुनं गणित त्यामुळे खोटं ठरत नाही, पण अपुरं पडतं.

काजव्याच्या या उजेडाने लोकांच्या कल्पनेलाही कायम भुरळ घातली. सुगरण पक्षी घरट्यात ओल्या मातीचे गोळे चिकटवतो आणि त्यात काजवे खोचून दिवा लावतो, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. मातीचे गोळे घरट्यात खरोखर असतात. वाऱ्यात घरटं स्थिर राहावं म्हणून ते असावेत, असं मानलं जातं. काजव्यांचा पुरावा मात्र मिळालेला नाही.

काजव्याला जगायला ओली माती लागते, पालापाचोळा लागतो आणि सगळ्यात जास्त अंधार लागतो. आपल्या दिव्यांच्या उजेडात त्याची खूण पुसली जाते आणि जोडी जमत नाही. दरवर्षी काजवा महोत्सवाच्या निमित्ताने सह्याद्रीत गाड्यांच्या रांगा लागतात. हेडलाइट झाडांवर पडतात, बॅटऱ्या फिरतात, झाडाखालची माती तुडवली जाते. त्याच मातीत पुढच्या पिढीची अंडी आणि अळ्या असतात. तेव्हा जरूर जा, पण गाडी लांब उभी करा. बॅटरी आणि मोबाइलचा उजेड बंद ठेवा. झाडाखाली जाऊ नका आणि काजवे बाटलीत भरू नका. दहा-पंधरा मिनिटं शांत उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की झाडाची लय तुम्हालाही दिसू लागेल.