मोडलेली कॉलर बोन सांधते कशी?

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा शेवाळलेल्या रस्त्यावर सायकलवरून घसरला आणि उजव्या खांद्यावर आपटला. घरी आला तो डाव्या हाताने उजवे कोपर उचलून धरूनच. असे करायला त्याला कोणी शिकवले नव्हते. पण गळ्याखालचे आडवे हाड, म्हणजे जत्रुक किंवा 'कॉलर बोन' मोडलेला माणूस बहुधा असाच येतो.

गळ्याखालच्या खळगीपासून खांद्याच्या टोकापर्यंत बोट फिरवून पाहा. किंचित नागमोडी असे हे हाड कातडीखाली लगेच हाताला लागते. हात आणि धडाचा सांगाडा यांना जोडणारा हाडाचा दुवा एवढा एकच. पाठीवरचा फरा बरगड्यांवर नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. खांद्यावर बसलेला धक्का या हाडातून छातीकडे जातो आणि बहुतेक वेळा ते मधल्या भागात मोडते. मग मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो, तर हाताचा भार बाहेरचा तुकडा खाली नेतो. कोपर उचलले की भार कमी होतो आणि कळा थांबतात. गळ्यात बांधलेली झोळी तरी दुसरे काय करते?

इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास लिहिलेल्या एडविन स्मिथ पपायरसात या मोडीवर उपाय दिला आहे : रोग्याला उताणे निजवून दोन फऱ्यांमध्ये घडी ठेवावी आणि खांदे मागे ताणून तुकडे जागी आणावेत. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा जो पट्टा पुढे रूढ झाला, त्यामागे हीच कल्पना. मात्र १९८७ साली डेन्मार्कमधील डॉक्टरांनी दोन्ही उपाय ताडून पाहिले, तेव्हा हाड दोन्हींनी सारखेच जुळले आणि झोळीचा जाच कमी झाला. तुकडे फारच सरकले असतील, कातडी फाटली असेल किंवा खालच्या रक्तवाहिन्यांना, मज्जातंतूंना इजा झाली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

खरे काम हाडच करते. मोडीभोवती रक्त गोठते, पांढऱ्या पेशी मेलेला भाग साफ करतात आणि दोन-तीन आठवड्यांत तिथे तंतू व कूर्चा यांचा मऊ सांधा तयार होतो. तुकडे एकमेकांवर घासेनासे होतात, म्हणून दुखणे ओसरते. फसगत होते ती इथेच. चौथ्या आठवड्यात भाचा म्हणाला, "मामा, आता काही दुखत नाही. कबड्डी खेळू?" क्ष-किरण चित्रात मोडीची फट अजून स्पष्ट होती, कारण कूर्चा त्या चित्रात दिसतच नाही, भोवती फक्त धूसर पांढुरकी छाया होती. कूर्चेच्या जागी कॅल्शियमचे क्षार साठून कच्चे हाड बनू लागल्याची ती खूण.

मुलांचे हाड साधारण तीन ते सहा आठवड्यांत, मोठ्यांचे सहा ते बारा आठवड्यांत जुळते. बोटे आणि कोपर मात्र पहिल्या दिवसांपासून हलवावे लागते, नाहीतर सांधे आखडतात. धरपकडीचे खेळ दोन-तीन महिने बंद. भाचा रुसला, पण गुणलेखक होऊन बसला!

आता त्याच्या गळ्याखाली सुपारीएवढा टेंगूळ आहे आणि आरशापुढे त्याची चिंता चालू असते. हाड खाणाऱ्या पेशी तो कोरीत आहेत, हाड रचणाऱ्या पेशी आत पक्के थर घालीत आहेत. हे काम आणखी कित्येक महिने चालेल.