अशनींतील लोहकार्बाइड

कोलकात्यातील खिदिरपूरची गोदी १८९२ साली सुरू झाली. अशा गोदीतील जहाजांचे पत्रे, साखळ्या व याऱ्या पोलादाच्या असतात. साध्या पोलादाचा तुकडा घासून गुळगुळीत केला व त्यावर सौम्य अम्लाची क्रिया केली, तर सूक्ष्मदर्शकातून मऊ लोखंडाच्या थरांमध्ये एका कठीण, ठिसूळ पदार्थाचे पातळ थर दिसतात. लोखंडाचे तीन अणू व कार्बनचा एक अणू यांच्या संयोगाने झालेले हे लोहकार्बाइड होय. धातुशास्त्रात त्यास सिमेंटाइट म्हणतात.

मनुष्याने भट्टी पेटविण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे हेच संयुग लघुग्रहांच्या पोटात तयार झाले होते. लोखंड व निकेल यांच्या मिश्रधातूचे जे अशनी पृथ्वीवर पडतात, त्यांपैकी काहींत ते आढळते. त्यात लोखंडाची थोडी जागा निकेल व कोबाल्ट यांनी घेतलेली असते. या खनिजास १८८९ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ एमिल कोहेन यांच्या सन्मानार्थ ‘कोहेनाइट’ हे नाव मिळाले. त्याचा रंग कथलासारखा पांढरा असून हवेत त्यावर सोनेरी झाक चढते. हॅक्सोनाइट हे दुसरे लोहकार्बाइड १९७१ साली वर्णिले गेले.

कोहेनाइटाने शास्त्रज्ञांपुढे एक कोडे टाकले. साधारण दाबाखाली ते कायमचे स्थिर नसते; पुरेसा अवधी व उष्णता मिळाल्यास त्याचे लोखंड व ग्रॅफाइट यांत विघटन होते. मग ते अशनींत टिकले कसे? प्रचंड दाब असलेल्या मोठ्या गोलाच्या गर्भात ते घडले असावे, असे काहींचे मत होते.

रॉबिन ब्रेट यांनी १९६६ साली निराळा उलगडा मांडला. कोहेनाइट बहुधा शेकडा ६ ते ८ निकेल असलेल्या अशनींतच सापडते. निकेल याहून कमी असल्यास ते धातू निवताना विघटित होते. अधिक असल्यास ते तयारच होत नाही. मधल्या प्रमाणात मात्र ते उत्पन्न होईपर्यंत धातू बराच निवालेला असतो. अणूंची हालचाल मंदावल्यामुळे विघटन पुरे होत नाही. उतारावर घरंगळणारा धोंडा खाचेत अडकून राहावा, तसे ते टिकते.

म्हणून कोहेनाइट हा प्रचंड दाबाचा पुरावा ठरत नाही. खिदिरपूरहून जवळच, चौरंगीवरील भारतीय संग्रहालयात अशनी ठेवलेले आहेत. तेथील लोह-अशनी पाहताना वाचकांनी ध्यानी घ्यावे, की कोणता पदार्थ टिकला हे केवळ त्याच्या घटकांवरून ठरत नाही. तो कसा निवाला, यावरही ते अवलंबून असते.