डाग पुसावा, इतिहास पुसू नये

छायाचित्र काढणे ही एके काळी प्रसंगविशेषाची गोष्ट होती. लग्न, मुंज वा घरातील वडीलधाऱ्यांची एकसष्टी यांपलीकडे छायाचित्रकाराला सहसा बोलावणे येत नसे. आज चतुर्थीची माटोळी असो की शिगम्यातले रोमटामेळ, शेकडो छायाचित्रे क्षणार्धात टिपली जातात आणि तितक्याच सहजतेने बदललीही जातात. त्यांच्या सुधारणेसाठी कोणती संगणकप्रणाली घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटेल. आमच्या मते तो त्याहून मोठा आहे. कारण त्यात पैशाचा, घरच्या ठेव्याचा आणि अखेर सत्याचाही संबंध येतो.

प्रथम पैशाची गोष्ट. थॉमस व जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी घडविलेली फोटोशॉप प्रणाली ॲडोबी कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणली आणि तिची कीर्ती जगभर पसरली. २०१३ पासून मात्र कंपनीने नव्या आवृत्त्या विकत देण्याऐवजी भाड्याने देण्याचे धोरण स्वीकारले. हप्ता थांबला की अवजार हातचे गेले! नित्याचा व्यवसाय असणाऱ्याला हे भाडे परवडेल. वर्षातून चार वेळा छायाचित्रे नीटनेटकी करणाऱ्याने ते का भरावे? म्हणून चोरीची प्रत मिळवावी, हा आपल्याकडचा रूढ मार्गही आम्हांस मान्य नाही. बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये हाती घेतलेली गिम्प ही प्रणाली विनामूल्य आहे, आणि डार्कटेबलही त्याच पंथातली. त्या शिकण्यास थोडे कष्ट पडतात, इतकेच.

दुसरी कसोटी मूळ प्रतीच्या सुरक्षिततेची. जेपेग स्वरूपातील चित्र सुधारून पुनःपुन्हा जतन केले की दरवेळी त्यातील काही तपशील कायमचा गळतो. डार्कटेबल किंवा लाइटरूम यांसारख्या प्रणाली मूळ चित्राला हात न लावता केलेल्या बदलांची केवळ नोंद ठेवतात. चूक झाली तर मागे फिरता येते. आपल्या दमट किनारपट्टीवर जुन्या छायाचित्रांना बुरशी लवकर धरते. आजोबांचे असे एखादे चित्र संगणकावर उतरवून घेताना मूळ प्रत टिफ स्वरूपात अलग ठेवावी आणि दुरुस्ती नकलेवरच करावी. प्रणालीच्या चिरंजीवित्वावरही फार विसंबू नये. गूगलने आपली लोकप्रिय पिकासा प्रणाली २०१६ मध्ये बंद केली, हे स्मरणात ठेवावे.

आता वापराविषयी. वाकडे क्षितिज सरळ करावे, अनावश्यक कडा छाटाव्यात, उजेड आणि रंग डोळ्यांना दिसले होते तसे करावेत, आणि तेथेच थांबावे. मांडवीवरील सूर्यास्त मुळातच देखणा असतो. त्यावर शेंदूर ओतण्याचे कारण नाही. कागदावरील डाग पुसणे ही सुधारणा होय. चित्रातील माणूस पुसणे ही बनावट होय.

ही सीमारेषा ओलांडण्याचा मोह मोठमोठ्यांनाही आवरलेला नाही. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गीझाचे पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकवले आणि टीका ओढवून घेतली. २००३ मध्ये इराक युद्धातील दोन चित्रे जोडून एक करणाऱ्या आपल्या छायाचित्रकाराला लॉस एंजेलिस टाइम्सने तत्काळ कामावरून दूर केले. त्या वेळी अशा बनावटीस निदान कौशल्य लागत होते. २०२३ पासून फोटोशॉपमध्येच चार शब्द लिहिले की नसलेली वस्तू चित्रात अवतरते. बनावटीचे कष्ट सरले, तेव्हा ओळखण्याची जबाबदारी वाढली.

म्हणूनच वृत्तपत्रांनी, संस्थांनी आणि घरोघरच्या संग्राहकांनीही एक साधा दंडक पाळावा: मूळ प्रत जपावी, आणि चित्रात भर घातली वा काही वगळले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. मुक्तिपूर्व गोव्याची जी मोजकी छायाचित्रे आपल्या घरांत उरली आहेत, ती पुढील पिढीची साक्ष आहेत. त्यांत हौसेने भरलेले रंग उद्या खरे मानले जातील. साक्षीदाराला नटवण्याच्या भरात त्याची साक्षच आपण बदलून ठेवू नये.